नोटिशीत एक रकाना वाढवा

सरकारी योजनेचे पैसे अपात्र माणसाला गेले म्हणून तहसील कार्यालयातून येणारी वसुलीची नोटीस बहुधा एका पानात संपते. वर जावक क्रमांक, तारीख, विषय, संदर्भ. खाली नाव, गाव, गट नंबर, किती हप्ते घेतले, एकूण किती रुपये आणि किती दिवसांत भरायचे. शेवटी ठरलेली ओळ असते, की मुदतीत रक्कम न भरल्यास ती जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्यात येईल. आपण अपात्र का, हे एखाद्या शब्दात कळते: ‘आयकरदाता’, ‘निवृत्तिवेतनधारक’, नाहीतर नुसतेच ‘इतर कारण’. पण अपात्र माणसाला सरकार दोन-तीन वर्षे पैसे पाठवत राहिले ते कोणाच्या चुकीने, हे लिहायला त्या पानावर जागाच नसते.

ती जागा हवी. वसुलीच बंद करा असे इथे म्हणायचे नाही. भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सरळ सांगते की चुकून हाती आलेले पैसे परत द्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे. मात्र चूक कोणाची हे न ठरवता वसुली सुरू केली, की ती शेवटी ज्याला भांडता येत नाही त्याच्याच गळ्यात पडते.

पीएम-किसानचेच बघा. १ फेब्रुवारी २०१९ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २४ फेब्रुवारीला पहिले दोन हजार खात्यात पडायला लागले. मधल्या तीन आठवड्यांत गावोगाव आठ-अ वरून खातेदारांच्या याद्या निघाल्या, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स गोळा झाल्या, आणि शेतकऱ्याकडून एक स्वयंघोषणापत्र भरून घेतले गेले. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, तेव्हा घाई कशाची होती हे सांगायला नको. अपात्रांची यादी मात्र लांबलचक होती. मागच्या आकारणी वर्षात आयकर भरलेला, चतुर्थ श्रेणी सोडून सगळे आजी-माजी सरकारी कर्मचारी, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारा, व्यवसाय करणारा डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आजी-माजी आमदार-खासदार, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. यातला आयकराचा मुद्दा ज्या खात्याच्या नोंदीवरून तपासता आला असता ते खाते त्याच केंद्र सरकारचे आहे. तरी पैसे आधी गेले, पडताळणी मागाहून झाली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने संसदेत सांगितले की ४२ लाखांहून अधिक अपात्र शेतकऱ्यांना २,९०० कोटींहून जास्त रक्कम गेली आहे. २०२५ पर्यंत देशभरात परत आली ती चारशे कोटींच्या आसपास. म्हणजे धाक सगळ्यांना घातला आणि पैसे आले सातव्या हिश्शाचे.

हे उरलेले सहा हिस्से कोणाकडे राहिले आणि सातवा कोणी भरला, हे आकडे सांगत नाहीत. नोटीस आल्यावर पहिल्यांदा कोण भरतो हे मात्र गावात सगळ्यांना माहीत असते. सोसायटीचे पीक कर्ज नवे-जुने करायचे आहे, सातबारा स्वच्छ हवा आहे, तो मुकाट्याने भरतो. ज्याला कर्ज नको आणि ज्याच्याकडे वकील आहे, तो थांबतो.

आता आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अपात्रतेची प्रकरणे कशी निघतात ते पाहू, कारण ‘अपात्र’ या एका शब्दात फार वेगवेगळे लोक कोंबलेले आहेत.

साताऱ्यात घरटी फौजी. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ लागते. निवृत्त हवालदाराचे पेन्शन दहा हजारांच्या वर, तेव्हा तो अपात्र, यात वाद नाही. पण योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुले. मुलगा फौजेत आहे म्हणून स्वतःच्या नावावर जमीन असलेला त्याचा म्हातारा बाप अपात्र होत नाही. गावपातळीवर ‘घरात सरकारी नोकरी’ एवढ्या शेऱ्यावर बापाचे नाव कापले, किंवा त्याच्यावर वसुली काढली, तर ती कार्यालयाची चूक आहे आणि तसे लेखी सांगायला हवे.

सांगलीकडे विटा, आटपाडी, तासगाव भागातले गलाई बांधव, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे. दुकान तमिळनाडूत नाहीतर उत्तरेत, जमीन गावात. दुकानाच्या कर्जासाठी ते आयकर विवरणपत्र भरतात. नियमातला शब्द आहे कर भरलेला. विवरणपत्र भरले पण कर शून्य निघाला, तर माणूस अपात्र ठरत नाही. ‘आयकरदाता’ असा शिक्का मारण्यापूर्वी त्या वर्षाच्या विवरणपत्रात देय कर किती होता हे पाहिले का, हा पहिला प्रश्न.

तिसरा प्रकार जमिनीच्या तारखेचा. योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही कट-ऑफ तारीख आहे. त्यानंतर बाप वारला आणि वारसाने फेरफार झाला तर मुलगा पात्र. बापाने हयातीतच वाटप करून दिले, बक्षीसपत्र केले किंवा मुलाने जमीन विकत घेतली, तर अपात्र. आपल्याकडे भांडणे नकोत म्हणून म्हातारपणी हयातीतच वाटप करण्याची चाल वाढते आहे, तहसीलदारही ते करून देतात. ज्या कार्यालयाने वाटपाचा आदेश काढला, त्याच कार्यालयाच्या यादीत तो मुलगा पात्र म्हणून बसला, तर त्याने काय दडवले? फेरफाराची नोंद, तिची तारीख, तिचे कारण, सगळे तलाठ्याच्या दप्तरात होते.

चौथा प्रकार नवरा-बायको दोघांनी हप्ता घेतल्याचा. कुटुंब एक, तेव्हा लाभ एकालाच. नियम बरोबर. पण त्याच वेळी लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून महसूल खातेच सांगते. नाव लागले, ती खातेदार झाली, महा-ई-सेवा केंद्रावाल्याने ‘ताई, तुमचाही फॉर्म भरून टाकतो’ म्हटले. दोघांच्या आधारवर एकमेकांची नावे नसतीलही, पण शिधापत्रिका एकच होती, आणि ती पुरवठा शाखेत, म्हणजे तहसीलच्याच इमारतीत होती.

या चौघांत खरोखर माहिती दडवली असे म्हणता येईल ते फार तर पहिल्याबद्दल, तेही त्याच्या फॉर्मवर पेन्शनचा प्रश्न स्पष्ट विचारला असेल तर. नोटीस मात्र चौघांना एकाच मसुद्याची जाते.

आकड्यांतही चुका असतात. नोटिशीत सहा हप्ते म्हणजे १२,००० रुपये लिहिलेले असतात, पासबुकात चारच दिसतात. याचे कारण बहुतेक वेळा आधारवर आधारित पेमेंटची रीत. पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. मोबाइलचे सिम घेताना कोणी पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले असेल, तर पुढचे हप्ते तिकडे गेलेले असतात आणि लाभार्थ्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा नोटीस आली की पहिले काम बँकेत जाऊन आपले आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते बघणे आणि त्या खात्याचा उतारा घेणे. मग हप्त्यांच्या तारखा नोटिशीतल्या यादीशी ताडून पाहायच्या. यादीच दिली नसेल तर मागायची. नाही मिळाली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करायचा. खुलासा मुदतीत द्यायचा, आवक शिक्क्याची पोच घ्यायची. तोंडी सांगितलेले फाइलला लागत नाही. पैसे भरायचे ठरले तर पावती मिळेल अशाच मार्गाने, आणि भरल्यावर पोर्टलवर आपले नाव बंद झाले का ते पाहायचे, नाहीतर पुढचा हप्ता पुन्हा खात्यात येतो आणि वर्षभराने पुन्हा नोटीस. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली तर ती उघडायची नाही; वसुलीच्या भीतीवर जगणारे चोरही आहेत.

नोटिशीतल्या त्या शेवटच्या ओळीचा अर्थही नीट समजून घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १७६ मध्ये थकबाकी वसूल करायचे जे मार्ग आहेत त्यांत जंगम मालाची जप्ती आहे, जमिनीची जप्ती-विक्री आहे, अटकसुद्धा आहे. बारा हजारांसाठी कोणी अटक करत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढवला जातो, तेवढे पुरते. खाते सामाईक असेल तर तो बोजा उताऱ्यावर चारही भावांच्या नावांखाली दिसतो. ज्याने एक रुपया घेतला नाही त्याचे कर्ज अडते, त्याच्या मुलीच्या लग्नासाठी काढलेला दोन गुंठ्यांचा व्यवहार लांबतो. बोजा उतरवायला पुन्हा अर्ज, पुन्हा फेरफार. बारा हजारांच्या वसुलीचा खर्च अशा प्रकारे गावभर वाटला जातो, आणि तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

आता या सगळ्याच्या शेजारी सरकारी नोकरांचा कायदा ठेवून पाहा.

पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ ला ठरवून दिले की कर्मचाऱ्याला चुकून जास्त पगार गेला असेल तर काही परिस्थितींत तो परत घेता येणार नाही. वर्ग तीन आणि चारचा कर्मचारी असेल तर नाही. निवृत्त झालेला किंवा वर्षभरात होणारा असेल तर नाही. वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर नाही. वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल तर नाही. आणि वसुली अन्यायकारक, जाचक ठरेल अशा कोणत्याही बाबतीत नाही. मागचे तत्त्व साधे आहे. चूक मालकाची, माणसाने पैसे भल्या मनाने घेतले, घरात खर्चले. आता उलटे ओढले तर त्याला होणारा त्रास सरकारच्या नुकसानीपेक्षा मोठा.

तत्त्व चांगले आहे. मग ते पगारदाराशी येऊनच का थांबते? तहसील कार्यालयातल्या लिपिकाला वेतननिश्चितीत चुकून जादा मिळाले तर तो रफिक मसीहचा निकाल जोडून अर्ज करतो, आणि बरेचदा जिंकतो. त्याच लिपिकाच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या निराधार बाईला तसे म्हणता येत नाही. तिच्यापाशी त्या निकालाची प्रत नाही, आणि असती तरी तो ‘कर्मचाऱ्यां’बद्दल आहे असे तिला सांगितले जाईल.

२०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला एक अपवाद केला. जादा रक्कम परत करीन असे हमीपत्र आधीच दिले असेल तर कर्मचारी बांधील राहतो. योजनांच्या बाजूने बोलणारे हाच अपवाद पुढे करतात: अर्जावर हमीपत्र आहेच की! पण तिथे न्यायालयापुढे एक न्यायिक अधिकारी होता, नवी वेतनश्रेणी घेताना समजून-उमजून सही केलेला. इथे हमीपत्र म्हणजे फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांतल्या ओळी, केंद्रचालकाने टिचकी मारलेला चौकोन, किंवा अंगठा. दोन्हींना एकाच तागडीत घालणे बरोबर नाही.

निराधारांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबायला हवे, कारण वसुलीचा सगळ्यात अवघड प्रश्न तिथे आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्यासाठी. अनुदान २०१९ मध्ये सहाशेचे हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१,००० रुपये, तीही कुटुंबाची. दिव्यांगांसाठी ५०,०००. आता हिशेब करा. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. सरकारने स्वतःच्या कायद्याने हमी दिलेल्या कामावर एखादी विधवा गेली, तर अडुसष्टाव्या दिवशी तिचे उत्पन्न २१,००० च्या वर जाते. शंभर दिवस काम मिळाले तर ३१,२००. म्हणजे एका योजनेचा पूर्ण लाभ घेतला की दुसऱ्या योजनेत ती फसवणूक ठरते.

त्यामुळे होते काय, तर दाखला २१,००० च्या आतला निघतो. तलाठ्याला माहीत असते, पंचांना माहीत असते, एजंटाला तर असतेच. इतक्या कमी उत्पन्नात माणूस जगत नाही हे सगळ्यांना कळते आणि सगळे सही करतात. योजना चालते ती या समजुतीवर. कोणाशी वाकडे आले, ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, विरोधी पार्टीने तक्रार दिली, की त्याच दाखल्यावरून चौकशी लागते आणि वसुली निघते. दाखला खोटा होता हे खरेच, पण तो खोटा काढल्याशिवाय मिळू नये अशी मर्यादा कोणी ठेवली? मर्यादा बदलली नाही तोवर या योजनेत उत्पन्नाच्या कारणावरून मागची वसुली काढणे मला तरी नैतिक वाटत नाही. अनुदान पुढे बंद करा, पुन्हा तपासा. मागचे पैसे मागू नका.

मृत लाभार्थ्यांचे वेगळे. तिथे पैसे कोणाच्या पोटात गेले हे ठरवता येते. म्हातारी वारली, एटीएम कार्ड नातवाकडे, वर्षभर पैसे निघत राहिले. ते नातवाने परत केलेच पाहिजेत. पण मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत होते. ते रजिस्टर महिन्यातून एकदा तहसीलच्या संजय गांधी शाखेत गेले तर दोन महिन्यांपलीकडे जादा रक्कम जाणारच नाही. त्याऐवजी भिस्त ठेवलेली असते वर्षातून एकदा द्यायच्या हयात दाखल्यावर. जिवंत बाईला जिवंत असल्याचे सिद्ध करायला रांगेत उभे करायचे, आणि मेलेल्याची नोंद शेजारच्या कपाटात पडून!

लाडकी बहीण योजनेत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसला. जुलै २०२४ मध्ये अर्ज सुरू, ऑगस्टच्या मध्यावर दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. निकालानंतर छाननी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने पाच लाख महिला अपात्र ठरवल्याचे जाहीर केले. त्यांतल्या २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेतल्या होत्या. दोन्ही योजना याच राज्याच्या, दोन्हीकडे आधार क्रमांक. यादीवर यादी ठेवून पाहिली असती तर एकीलाही दुबार पैसे गेले नसते. त्या वेळी महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी दिलेले पैसे परत घेणार नाही असे सांगितले, आणि ते योग्य झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये आणखी २६ लाखांवर अर्जांबद्दल शंका निघाली, चौदा हजारांहून जास्त पुरुषांनी लाभ घेतल्याचे समोर आले, सरकारी नोकरीतल्या बायकांची नावे सापडली. इथे मात्र कीव करायचे कारण नाही. बाईच्या नावाने पैसे घेणाऱ्या पुरुषाला किंवा जिल्हा परिषदेच्या पगारदार शिक्षिकेला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. पगारातून कापा, व्याज लावा, वर्तणूक नियमांखाली कारवाई करा. अडचण ही की या दोन गोष्टी, दुबार अनुदान आलेली निराधार बाई आणि पगारदार शिक्षिका, एकाच ‘अपात्र’ रकान्यात मोजल्या जातात. मग वर्तमानपत्रात येते ते ‘लाखो बोगस लाभार्थी’, आणि शिव्या खाते ती निराधार बाई.

जिथे बेकारी भत्त्याची जुनी व्यवस्था आहे, त्या देशांनीही यात ठेच खाल्ली आहे. ऑस्ट्रेलियाने बेरोजगारांना आणि इतर लाभार्थ्यांना जादा गेलेली रक्कम शोधायला यंत्रावर चालणारी पद्धत आणली. लोक तिला ‘रोबोडेट’ म्हणू लागले. आयकर खात्याकडचे वर्षाचे उत्पन्न घ्यायचे, पंधरवड्यांत सारखे वाटायचे, आणि भत्ता घेतलेल्या पंधरवड्यात तुम्ही एवढे कमावत होतात असे धरून नोटीस पाठवायची. सहा महिने काम आणि सहा महिने बेकारी अशा माणसाला यंत्राने बारमाही कमावता ठरवले. नसलेली कर्जे लाखो लोकांच्या माथी मारली गेली. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत टिकली नाही, २०२० मध्ये सरकारने सुमारे ७२ कोटी डॉलर परत करायचे जाहीर केले, आणि २०२३ च्या रॉयल कमिशनच्या अहवालाने सगळ्या कारभाराचे वाभाडे काढले. हे आपल्यापासून लांब नाही. माण, जत, आटपाडीतला ऊसतोड मजूर दिवाळीनंतर फडावर जातो, मार्चनंतर परततो. त्याची उचल एकदम हातात येते आणि वर्षभर फिटते. ‘वार्षिक उत्पन्न’ या एका आकड्यात त्याचे जगणे मावत नाही. उद्या आपल्याकडेही आधारला जोडलेल्या सगळ्या नोंदी जुळवून यंत्रच नोटिसा काढू लागेल. तेव्हा हिशेबाची रीत कोणी तपासायची, हे आत्ताच ठरवलेले बरे.

ब्रिटनमध्ये घरच्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांना भत्ता मिळतो. २०२४-२५ मध्ये त्यांची आठवड्याची कमाई १५१ पौंडांच्या वर एक पौंड जरी गेली तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जायचा, आणि कमाईची माहिती सरकारकडे असूनही वर्षानुवर्षे कोणी कळवले नाही. मग एकदम हजारो पौंडांची वसुली. मात्र त्याच देशाने एप्रिल २०२५ पासून युनिव्हर्सल क्रेडिटमधून होणारी कपात मूळ भत्त्याच्या १५ टक्क्यांवर आणली, आधी ती २५ होती. अमेरिकेत कोविडकाळात बेकारी भत्ता चुकून जादा गेला, तेव्हा लाभार्थ्याचा दोष नसेल आणि वसुली न्यायाला धरून नसेल तर ती माफ करायची मुभा राज्यांना कायद्याने दिली गेली. दोष कोणाचा, हा प्रश्न तिथे अर्जावर छापलेला असतो.

‘मग उद्या प्रत्येक जण माहीत नव्हते म्हणेल’ हा आक्षेप येणार. त्याला उत्तर आहे, आणि ते कागदावर तपासता येते. फॉर्मवर नेमका प्रश्न होता का? ‘तुम्हाला महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन आहे का’ असे मराठीत विचारले आणि माणसाने ‘नाही’ लिहिले, तर त्याने दडवले. पूर्ण रक्कम घ्या. प्रश्नच नव्हता, फक्त ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत’ अशी ओळ होती, तर दोष फॉर्म करणाऱ्याचा. माहिती सरकारच्याच दुसऱ्या दप्तरात असताना पाहिली नाही, तर दोष कार्यालयाचा. नियम मध्येच बदलला किंवा स्पष्ट नव्हता, तर दोष कोणाचाच नाही आणि वसुलीही नाही. नोटिशीत या चारांपैकी एकावर खूण करायला लावा आणि खाली अधिकाऱ्याची सही घ्या. सही करायची म्हटले की फाइल उघडावी लागते. निम्म्या नोटिसा तिथेच गळतील असा माझा अंदाज आहे.

मग चुकलेल्या तलाठ्याच्या पगारातून कापा, असेही काही जण सुचवतात. ऐकायला बरे वाटते. पण तसे केले तर उद्या तलाठी कोणाचेच नाव यादीत घालणार नाही; शंभर कागद मागेल आणि खरा पात्र माणूस दारातूनच परत जाईल. पीएम-किसानचे काम महसूलने करायचे की कृषी खात्याने, यावर आपल्या राज्यात किती दिवस ढकलाढकली चालली ते आठवा. कार्यालयाची चूक म्हणजे नुकसान सरकारने सोसायचे, एवढाच त्याचा अर्थ असावा.

नाहीतरी सरकार स्वतःच्या थकबाकीशी फार सैलपणे वागते. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा प्रयोग केला, तिचा पुढे १९७७ मध्ये राज्याचा आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. २००५ च्या कायद्यात काम मागून पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता ठेवला होता: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे निम्मा. किती मजुरांनी तो हातात घेतला? मजुरी उशिरा दिली तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांच्या कामाचे १,८७२ रुपये थकले तर रोज चौऱ्याण्णव पैसे. सरकारकडे थकले तर चौऱ्याण्णव पैसे आणि माणसाकडे थकले तर सातबाऱ्यावर बोजा, हा हिशेब कोणत्याही बाजारात चालणार नाही.

बाकीच्या सुधारणा लहान आहेत. दोष लाभार्थ्याचा नसेल तर पाच वर्षांमागचे काही मागायचे नाही, सर्वोच्च न्यायालयाने पगारदारांना दिले तेवढे तरी द्या. अनुदान चालू असेल तर महिन्याला दहा टक्क्यांहून जास्त कापायचे नाही. दीड हजारांतले दीडशे. अनुदान बंद झाले असेल तर दोनशे-पाचशेचे हप्ते. पंचवीस हजारांखालच्या रकमेला सातबाऱ्याला हात लावायचा नाही, आणि सामाईक खात्याला तर कधीच नाही.

आणि सुनावणीची वेळ. डिसेंबर-जानेवारीत काढलेली नोटीस ऊसतोड मजुराच्या कुलूपबंद घराला डकवली जाते. पंचनामा होतो, ‘बजावणी झाली’ असा शेरा पडतो, आणि माणूस फडावरून परतेपर्यंत मुदत संपून बोजा चढलेला असतो. या तालुक्यांतल्या सुनावण्या एप्रिल-मेमध्ये ठेवाव्यात. त्या तालुक्याच्या ठिकाणी, दहिवडीला किंवा जतला ठेवून दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे बुडवण्यापेक्षा मंडळाच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी घ्याव्यात. जतच्या पूर्व भागासाठी संखला अप्पर तहसील कार्यालय आहेच. याला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांची दोन परिपत्रके पुरेत.